वडझरीच्या झिऱ्याची मूळ पातळी

११ फेब्रुवारी २०२४

दोन वर्षांत सहा पत्रं लिहिली, तेव्हा कलेक्टर कचेरीतून एक पाकीट आलं. वर नाव 'श्री. जयवंत' असं आहे. छत्तीस वर्षं सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलेल्या जयवंताबाईचा पुरुष करायला यांना एक कारकून पुरतो.

आतली बातमी मात्र चांगली आहे. डोंगराकडच्या लहान ओढ्यांच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फरस किती चालेल, याची मर्यादा ठरवायला समिती नेमली आहे आणि मला तिच्यात घेतलं आहे. पदनाम 'लोकप्रतिनिधी (निवृत्त)'. लोक निवृत्त झाले की प्रतिनिधी, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

यादीत आमच्या वडझरीचा ओढा आहे. तेवढं पुरे.

१२ फेब्रुवारी

काल आनंदात कारण लिहायचं राहिलं. वसतिगृहातल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, डायरी अशी लिहावी की वीस वर्षांनी परक्याने उघडली तरी त्याला कळावं.

वडझरी नेरडीगोंड्याच्या पलीकडे, हायवेवरून आत सात किलोमीटर. माझे वडील तिथले. ते कारकून होऊन आदिलाबादला आले, त्यांचे भाऊ तिथेच दुसऱ्यांच्या शेतात राबत राहिले. आता चुलत भाऊ रामाजी आणि त्याची बायको पंचफुला तिथे असतात. टेकडीच्या पायथ्याशी दगडाखालून पाणी झिरपतं, तो झिरा. तिथून ओढा निघतो. झिऱ्याच्या खाली, उजव्या काठाला तीन वर्षांपूर्वी माणिकरावांनी कोंबड्यांचं फार्म घातलं. त्यांच्या खताचा ढीग उघड्यावर असतो. त्याचा निचरा ओढ्यात. खाली वस्तीजवळ जो डोह आहे तो मागच्या उन्हाळ्यात पोपटी झाला, वर साय धरली. पंचफुलाची म्हैस ते पाणी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी मेली. जनावरांच्या डॉक्टरने कागदावर 'विषबाधा' लिहिलं. कसली, ते लिहायला त्याची शाई संपली असावी.

आता वस्तीतल्या बाया डोहाला शिवत नाहीत. फार्म ओलांडून वर झिऱ्यावर जातात. आणि माणिकरावांना दुसरी शेड बांधायची आहे, झिऱ्याच्याही वर, शंभर पावलांवर.

२१ फेब्रुवारी

समितीची पहिली बैठक. अध्यक्ष साहेब तेलुगूत बोलले, मी इंग्रजीत, माणिकराव हिंदीत. चहा सर्वांना कळला.

नियम साधा आहे. ओढा जिथे निघतो तिथलं पाणी वर्षभर, महिन्यातून एकदा तपासायचं. त्या आकड्यांतला मधला घेऊन त्या ओढ्याची 'मूळ पातळी' ठरवायची. म्हणजे माणसाने हात लावण्याआधी पाण्यात जे असतं ते. त्याच्या दुप्पट ती मर्यादा. खाली कुठे पाणी मर्यादेच्या वर गेलं, तर काठावर किंवा झिऱ्याच्या आसपास नवं बांधकाम नाही. आपला झिरा काचेसारखा आहे. मर्यादा कडक लागणार, डोह तिच्यात बसणार नाही आणि शेड उभी राहणार नाही. वर्षभर कळ काढायची, इतकंच.

पण वर जाऊन पाणी भरणार कोण? कचेरीकडे माणूस नाही, जीप आहे तर डिझेल नाही. मी म्हटलं, आमची माणसं भरतील, मी सही करून पोचवीन. साहेबांचा चेहरा असा फुलला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बाहेर माणिकराव वाटेत उभे. "मॅडम, आमी बी इथलेच हाव. पानी आमाले बी लागते. अंड्यायचा एक ट्रे पाठवू का घरी?"

"पाठवा," मी म्हटलं, "पण आधी तुमच्या कोंबड्यांनी आमच्या पाण्यात काय घातलंय ते मोजून होऊ द्या."

ते हसले. या माणसाचा हा एक दोष आहे, त्याला राग येत नाही.

४ मार्च

प्रयोगशाळेतून बाटल्यांचं खोकं आणलं. तिथे दीपमाला भेटली. माझी दहावीची विद्यार्थिनी, भैंशाकडच्या भगवंतराव कापूसवाल्यांची मुलगी, आता तिथे रसायनतज्ज्ञ. उभी राहिली, खुर्ची पुसून दिली. बाटल्यांसोबत सूचनांचा इंग्रजी कागद. 'बॉटल्स शुड नॉट बी वॉश विथ सोप.' वाचवेना. बसल्या जागी लाल पेनाने पाच चुका दुरुस्त करून तिला परत दिला. ती म्हणाली, "मॅडम, हा तुमच्याकडे ठेवायचा होता." मी म्हटलं, मला पाठ झाला.

१० मार्च

वडझरीला गेले. खोकं चार-पाच दिवस आधी रामाजीच्या हाती पाठवलं होतं. पंचफुलाने ते बकऱ्यांच्या खोलीत फळीवर ठेवलेलं. बाटल्यांवर धूळ, बोटांचे ठसे. मला संताप आला. दारात शेजारच्या चार बाया उभ्या होत्या, तरी मी बोललेच.

"असली बाटली मी कचेरीत नेऊ? तिथली माणसं पाणी नंतर पाहतात, आधी बाटलीवरून घर ओळखतात."

पंचफुलाने पदराने बाटली पुसायला घेतली. मी ती हातातून घेतली. "पदराने नको. एकदम स्वच्छ पाहिजे. आणि साबण लावायचा नाही, लक्षात ठेव. साबण लागला की सगळं वाया."

"साबन कायले लागते, बाई," ती खाली पाहून म्हणाली. "आमी चकचकीत करून ठेवतो."

मी तीनदा बजावलं, साबण नाही. आज तशाच भरून आणल्या.

११ मार्च

काल जरा जास्त बोलले. पण न बोलता चालत नाही. वसतिगृहातली स्वयंपाकीण मला आणि आणखी एका मुलीला पेला देत नसे, ओंजळीत वरून पाणी ओतायची. सिस्टरना सांगितलं तर त्यांनी माझी नखं तपासली आणि म्हणाल्या, स्वच्छ मुलीला कुणाची भीती नसते. तेव्हापासून माझी नखं कुणी दोन मिनिटंसुद्धा काळी पाहिलेली नाहीत.

१४ एप्रिल

जयंतीला वडझरीत. निळे झेंडे, खीर, भाषणं. माझंही झालं, लांबलं असं रामाजी म्हणाला. सकाळी बाटल्या भरल्या. एक झिऱ्यावर, एक डोहावर. या खेपेला बाटल्या पाहून धन्य झाले. आरशासारख्या. उन्हात धरली तर पलीकडची टेकडी दिसली. पंचफुलाला म्हटलं, बघ, मनावर घेतलं की होतं. ती लाजली. तिचे हात कोपरापर्यंत राखाडी, चुलीपुढून उठून आलेली. तिला हात धुऊनच बाटलीला हात लावायला सांगितला.

२ जून

मार्चचा फॉस्फरसचा आकडा झिऱ्याला ०.०३ होता, लिटरला मिलिग्रॅममध्ये. एप्रिल ०.१०, मे ०.१२. म्हणजे चौपट? उन्हाळ्यात पाणी कमी होतं म्हणून असेल. दीपमाला म्हणाली, पुढचे पाहू.

डोहाचे एप्रिल-मेचे आकडे ०.१७, ०.१९. ते तर असणारच.

८ सप्टेंबर

झिरा पुन्हा ०.११. पावसाळ्यात, भरल्या पाण्यात. माझा आता विश्वास नाही. या प्रयोगशाळेत कुणी तरी अंडी खातं आहे.

तिथे गेले आणि तेच बोलले. दीपमालाने चहा मागवला. दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? वाईट नका वाटून घेऊ. तिकडे बाटल्या कोण धुतं?"

मी कप बाजूला सरकवला.

"का?" मी म्हटलं. "कुणाच्या हातचं पाणी आहे ते कळल्याशिवाय तुमचं यंत्र चालत नाही का?"

"तसं नाही मॅडम, मी फक्त—"

"तसंच असतं. साठ वर्षं ऐकते आहे. आधी विचारतात भांडं कुणाचं, मग विचारतात घर कुठलं. तुला व्याकरण शिकवलं मी. तेवढंच शिकलीस."

तिचा चेहरा पांढरा पडला. चहा तसाच ठेवून मी उठले.   भगवंतरावांची मुलगी. शेवटी घरचंच वर आलं.

९ सप्टेंबर

हर्षदीपला फोनवर सांगितलं. तो हैदराबादला, त्याला सगळं दुरून सोपं दिसतं. म्हणतो, "आई, कदाचित तिने खरंच बाटलीबद्दल विचारलं असेल." मी म्हटलं, तुला कुणी वरून पाणी ओतलं नाही, म्हणून तुला असं वाटतं. तो गप्प बसला. मुलाला गप्प करणं मला नेहमीच जमलं आहे.

१९ नोव्हेंबर

दीपमाला आता आकड्यांचा कागद शिपायाच्या हाती पाठवते. मी सही करते, 'नमुने माझ्या देखरेखीखाली घेतले', आणि परत देते. बरं आहे. बोलण्याचा त्रास वाचला.

झिरा ०.११. डोह ०.१८.

१२ जानेवारी २०२५

बैठक. माणिकरावांनी हैदराबादहून एक सल्लागार आणला. टाय लावलेला, नेरडीगोंड्याच्या धुळीत टाय. त्याने पडद्यावर आमचा झिरा दाखवला. म्हणाला, इथल्या दगडातच फॉस्फरस आहे. शिवाय वस्तीतल्या बाया झिऱ्यावर कपडे धूत असतील, अंघोळी करत असतील. "कम्युनिटी हॅबिट्स," म्हणाला.

मी उभी राहिले. "त्या झिऱ्याजवळ आमच्या बाया चपला घालून जात नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही फोटो काढायला बुटांनी गेलात, ते तुमच्याच फोटोत दिसतं आहे."

लोक हसले. साहेबही हसले. आणि मग म्हणाले, मॅडम, पण आकडे तर तुमच्याच सहीचे आहेत.

६ मार्च

झालं. हुकूम निघाला.

वडझरी ओढ्याची मूळ पातळी: ०.११. मर्यादा: दुप्पट, ०.२२. डोहातलं पाणी ०.१८, म्हणजे मर्यादेच्या आत. दुसऱ्या शेडला हरकत नाही. पुढचा फेरविचार पाच वर्षांनी.

म्हैस मेली तेही पाणी मर्यादेच्या आतलंच होतं म्हणायचं. तिला कुणी हुकूम वाचून दाखवला नव्हता.

माणिकराव जिन्यात भेटले. "मॅडम, तुमी लय मेहनत घेतली," म्हणाले. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. तो मनापासून बोलत होता.

९ मार्च

वडझरीला जाऊन सांगितलं. पंचफुलाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "म्हंजे आपलं पानी पयलेपासूनच खराब व्हतं?"

"असं ते म्हणतात."

"माही सासू तेच पानी पेऊन नव्वद वर्सं जगली."

"ते कागदावर येत नाही."

"आन् म्या बाटल्या इतक्या घासल्या," ती म्हणाली. "हात सालटून गेले."

मी म्हटलं, तुझा काही दोष नाही, पंचफुला. सगळे विकले गेले आहेत. रामाजी म्हणाला, "विकत घेनाऱ्यानं आपल्याले काऊन नाई इचारलं मंग? आपन सस्तात गेलो असतो." या घरात विनोद त्यालाच सुचतात.

१४ एप्रिल

यंदा जयंतीला मन नव्हतं, तरी गेले. हुकूम निघाला तरी वर्षातून चारदा नमुने द्यायचे आहेत, तेही काम होतं.

सकाळी लवकर पोचले. पंचफुला अंगणात जेवणाची मोठी भांडी घासत बसली होती. बाजूला धुतलेल्या गोणपाटावर माझ्या बाटल्या ओळीत. तिने एक छोटा डबा उघडला, त्यातून पीठ असावं अशी बारीक राख चिमटीने बाटलीत टाकली, नारळाच्या काथ्याचा बोळा घातला, पाणी घालून हलवलं. मन लावून. मग घागरीतल्या पाण्याने विसळलं.

"भांड्यांची राख वेगळी?" मी विचारलं.

"मंग? ही तुमच्या बाटल्यायची हाय. निसती बाभळीची. कपड्यानं गाळून ठेवली. भांड्यायले नाई लावत मी ही." डब्याचं झाकण लावून तिने तो वर कोनाड्यात ठेवला, बाबासाहेबांच्या फोटोखाली. "वर्स झालं. एकबी महिना चुकली नाई."

मला भरून आलं. या घराला घाण म्हणणाऱ्यांनी येऊन हे पाहावं. त्या दीपमालाने तर नक्कीच पाहावं. 'कोण धुतं' म्हणे. परवा जाऊन तिला सांगणार आहे.

१६ एप्रिल

सांगितलं.

सांगताना उभीच राहिले, बसले नाही. "तू विचारलं होतंस ना, बाटल्या कोण धुतं? ऐक मग. माझी वहिनी धुते. बाभळीची राख वस्त्रगाळ करून ठेवते, फक्त तुमच्या बाटल्यांसाठी. तुमच्या प्रयोगशाळेत इतकी स्वच्छता नसेल."

 दीपमालाने चष्मा काढला. टेबलावर ठेवला. मला वाटलं शरमली.

"राख?" ती म्हणाली. "प्रत्येक महिन्याला?"

"एप्रिलपासून. एकही महिना चुकला नाही."

"मॅडम, बसा," ती म्हणाली. "आमचे बाबा मिरचीच्या रोपांना राख टाकायचे, का माहीत आहे? राखेत फॉस्फरस असतो. जे आपण मोजतो तेच. बाटलीच्या तळाला चिमूटभर राहिली तरी..." तिने बोटांवर हिशेब केला आणि मध्येच थांबली. "मार्चचा नमुना न घासलेला होता. ०.०३. तो एकच खरा."

मी बसले.

"बाटल्या इथून आम्ही ॲसिडने धुऊनच देतो. तिथे फक्त ओढ्याच्या पाण्याने तीनदा विसळायच्या. त्या कागदावर शेवटची ओळ ती होती."

माझ्या लाल पेनाने त्या ओळीत एक राहिलेलं 'the' घातलेलं मला आठवतं.

"मी विचारलं होतं, मॅडम," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. तिला रडू येत होतं असं वाटतं, पण मी वर पाहिलं नाही.

१७ एप्रिल

मागची पानं चाळली. सगळं इथेच आहे. 'आरशासारख्या' आहे. 'कोपरापर्यंत राखाडी' आहे. 'कोण धुतं' आहे. सिस्टर म्हणाल्या होत्या तशी डायरी झाली आहे, परक्याने उघडली तरी त्याला कळेल. परक्यालाच आधी कळेल.

२४ एप्रिल

समितीला पत्र लिहिलं. सातवं. एक वर्षाचे नमुने बाटल्या राखेने घासल्यामुळे चुकीचे आले आहेत, सूचना समजावून सांगण्यात माझी हयगय झाली, मूळ पातळी पुन्हा मोजावी आणि तोवर शेडची परवानगी थांबवावी. पंचफुलाचं नाव घातलं नाही. तीन वेळा लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या इंग्रजीचा कंटाळा आला.

२९ मे

उत्तर आलं. या खेपेला 'श्रीमती' बरोबर लिहिलं आहे. पत्र मिसलीला, म्हणजे ओढ्याच्या फायलीला, जोडलं आहे. हुकूम आपणच प्रमाणित केलेल्या आकड्यांवर निघालेला असल्याने आता बदलता येत नाही. फेरविचार २०३० मध्ये. यापुढे बाटल्या प्रयोगशाळेतून मोहोरबंद दिल्या जातील आणि धुतल्या जाणार नाहीत.

साहेबांना भेटायला दोनदा गेले. दुसऱ्यांदा ते होते. म्हणाले, "मॅडम, मी तुमचं ऐकून हुकूम मागे घेतला तर उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल, माझीही बाटली घाण होती."

"घाण नव्हती," मी म्हटलं. "घाण नव्हती, हाच तर घोळ आहे."

ते त्यांना तेलुगूत सांगणं मला जमलं नाही.

१५ जून

पंचफुलाला सांगणं टाळत होते. आज नवा नमुना घ्यायचा होता, टाळता येईना.

सोपं करून सांगितलं. राखेत तेच असतं जे कोंबड्यांच्या खतात असतं. पाणी चांगलं होतं, बाटलीत राख होती, म्हणून आकडा वाढला. दोष माझा, मी नीट सांगितलं नाही.

ती ऐकत राहिली. 

"तुमी म्हनलं, साबन नको."

"हो."

"राख नको असं नाई म्हनलं."

"नाही म्हटलं."

"वांग्यायले तर मीच टाकते राख," ती म्हणाली. "मले मालूम असाले पायजे व्हतं."

मी म्हटलं, तसं नको समजू. मग आम्ही झिऱ्यावर गेलो. मोहोर फोडली, हातमोजे घातले. ती सवयीने बाटली घ्यायला पुढे झाली आणि मी म्हटलं, "हात लावू नकोस."

नियमच तसा आहे. पण ती मागे सरली. चार पावलं. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली, अंग चोरून, सावलीसुद्धा दगडावर पडू नये अशी. माझी आजी पाटलांच्या विहिरीवर अशी उभी राहायची, कुणी पाणी ओतायची वाट बघत. मी लहान होते, पण पाहिलेलं आहे.

मी म्हटलं, "पंचफुला, ये, तूच भर. माझ्याकडे मोज्यांची दुसरी जोडी आहे."

"नाई बाई," ती म्हणाली. "तुमीच भरा. पुना काही चुकीन."

१० जुलै

दीपमालाचा फोन आला. तिने स्वतः केला. झिरा ०.०२. डोह ०.०९.

मूळ पातळी ०.०२ धरली तर मर्यादा ०.०४. डोह तिच्या दुपटीहून वर. शेड उभीच राहू शकली नसती. आमच्याजवळ सगळं होतं.

मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली की माफी मागायची माझी जागाच गेली. मी अजून मागितलेली नाही.

२६ सप्टेंबर

हे लिहू की नको असं झालं आहे, पण लिहिते.

समितीची बैठक. पडद्यावर तक्ता. वडझरीचा डोह, गेल्या वर्षी ०.१८, या वर्षी ०.०९. फॉस्फरस निम्म्यावर. साहेब म्हणाले, उद्योगाने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचं हे उदाहरण आहे. माणिकरावांना शाल आणि प्रशस्तिपत्र. टाळ्या.

मी उभी राहिले. म्हटलं, पाणी कमी घाण झालेलं नाही, बाटली घासणं बंद झालं आहे. माझं पत्र मिसलीत आहे, काढा. साहेबांनी हाताने बसा अशी खूण केली. माझ्या शेजारचा कुणी तरी म्हणाला, जाऊ द्या, वय झालं आहे. मराठीत म्हणाला, म्हणजे मला कळावं असंच त्याला वाटत असणार.

माणिकराव शाल घेऊन माझ्याकडे आले. त्यांना खरंच वाटतं की त्यांनी काही तरी केलं. "ढिगावर ताडपत्री टाकली व्हती मॅडम, दोन महिने. त्यानंच झालं असन." मग शाल माझ्या खांद्यावर घालायला गेले. मी ती घडी करून त्यांच्या हातात परत दिली. त्यांना राग आला नाही.

२३ नोव्हेंबर

वडझरी. नमुना घेतला. पंचफुला लांब उभी होती. तिने डब्यातली राख वांग्यांना टाकून दिली, असं रामाजीने सांगितलं. कोनाड्यात आता डबा नाही.

झिऱ्याच्या वर जागा सपाट केली आहे. लोखंडी खांब उभे झाले आहेत, मी मोजले, अठ्ठावीस. पत्रे ट्रकमधून उतरत होते. खालचा ढीग ताडपत्रीशिवाय. मर्यादा ०.२२ आहे, त्यांना पुष्कळ जागा आहे.

बाटली मोहोरबंद करत होते तेव्हा पंचफुलाने विचारलं, "पाच वर्सानं पुना मोजतीन म्हने?"

"हो. मूळ पातळी नव्याने काढतील."

"कोठून?"

"झिऱ्यावरूनच. इथूनच."

तिने वर खांबांकडे पाहिलं. मग पाण्याकडे. हात पाठीमागेच होते.

"म्हंजे तवा कोंबड्यायचं बी मूळचंच अशीन," ती म्हणाली.